आधीचा आणि आत्ताचा

बाजारात त्याला ‘आत्ताचा’ म्हणायचे. तसं आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव होतं त्याला. अगदी साधं, गल्लीत डोळे मिटून खडा भिरकावला तर त्या नावाच्या कुणाला तरी लागेल असं. पण नेमकं तेच नाव कुलूप-किल्लीच्या दुकानाच्या पाटीवर होतं, आणि पाटी दुसऱ्याची होती. तो दुसरा एका सकाळी घरून दुकानाकडे निघाला आणि वाटेत ट्रकखाली आला. पुढे त्याचं दुकान, त्याची बायको आणि त्याची मुलगी ह्याच्या पदरात पडली, की हाच त्यांच्या पदरात पडला, यावर बाजाराचं अजून एकमत नाही. एका नावाचे दोघे झाल्यावर बाजाराने फक्त आपली सोय बघितली. गेला तो आधीचा, बसला तो आत्ताचा.

स्थळ आणलं होतं शेजारच्या घड्याळजीने. हा माणूस लोकांची घड्याळं दुरुस्त करता करता त्यांच्या संसारातही स्क्रूड्रायव्हर घालायचा. आत्ताचा तेव्हा चाळिशीला टेकलेला, लग्नाचं राहून गेलेलं. लोखंडी कपाटांच्या कारखान्यात कुलपं बसवायचा; कारखाना बंद पडला तसा थोरल्या बहिणीच्या बाहेरच्या खोलीत येऊन पडला होता.

“माणूस निर्व्यसनी आहे, कुलपातलं कळतं, आणि वर नावसुद्धा तेच,” घड्याळजी भर बैठकीत म्हणाला. “पाटी रंगवायचा खर्चसुद्धा नको.”

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने हाच हसला. आधीच्याची बायको तेवढी हसली नाही. तिने एकच विचारलं, “मुलीवर हात टाकणार नाही ना?” तो म्हणाला, “नाही.” आणि तो शब्द त्याने शेवटपर्यंत पाळला. हसणं मात्र पुढे फार महागात पडलं.

दुकान म्हणजे काय, दोन दुकानांच्या भिंतींमध्ये चुकून राहिलेली फट. समोरची फळी उचलायची, आत शिरायचं, फळी पाडून घ्यायची, की जेवणाच्या सुट्टीपर्यंत माणूस आत बंद. डाव्या हाताला किल्ल्या कापायचं मशीन, उजव्या हाताला कानशी, आणि दोन्ही भिंतींवर कोऱ्या किल्ल्यांचे झुबके. वळलं की कोपर लागून निम्म्या किल्ल्या वाजायच्या. बसायला आधीच्याचं स्टूल होतं. त्यावरच्या गादीला आधीच्याच्या बसण्याने खड्डा पडलेला. आत्ताचा त्याच्यापेक्षा अंगाने बारीक, त्यामुळे तो त्या खड्ड्यात कलंडून बसायचा. गादी बदलू म्हणता म्हणता त्याची कंबरच तशी झाली.

गिऱ्हाइकं पाटी वाचून यायची. वर्षा-दोन वर्षांनी येणारी माणसं चेहरा कुठे लक्षात ठेवतात? “काय रे, किती वाळलास!” म्हणत किल्ली पुढे करायची. सुरुवातीला तो प्रामाणिकपणे सांगायचा, “ते वारले. मी दुसरा. नाव एकच आहे.” मग गिऱ्हाईक “अरेरे” म्हणून फळीला टेकायचं, आधीच्याचे गुण गायचं, डोळे पुसायचं आणि किल्ली न करताच निघून जायचं. तेव्हा त्याने सांगणं सोडलं. एक बाई भर बाजारात त्याचे दोन्ही हात धरून म्हणाली, “दादा, तुम्ही त्या दिवशी दार उघडून दिलंत म्हणून माझं लेकरू वाचलं. आता कॉलेजात आहे.” त्याने लेकराची चौकशी केली. दुसऱ्या एकाने त्याच फळीवर मूठ आपटली, “माझ्या कपाटाचं वाटोळं तूच केलंस.” त्याने त्याची माफी मागितली. शिव्या आधीच्याच्या, आशीर्वादही आधीच्याचे. आत्ताच्याच्या वाट्याला नुसतं हो-हो. ‘आयत्या बिळावर नागोबा’ असं मागून म्हणणारेही होते. बीळ किती अरुंद आहे, हे नागोबाला विचारायला कुणी आलं नाही.

हेही त्याने सोसलं असतं. माणूस दिवसभर बाहेर कुणीही असतो, संध्याकाळी घरी आपला असला म्हणजे झालं. पण घरीच तर खरी गोम होती.

तिने त्याला नावाने कधी हाक मारली नाही.

पहिलं लग्न तिने स्वतः जमवलेलं. दोघं एका गल्लीत वाढलेली, भांडत मोठी झालेली. घड्याळजी हटकून सांगायचा, “डबा घेऊन यायची ना, तर कोपऱ्यावरूनच हाक. नावाने. अख्खा बाजार वळून बघायचा, आणि हा इथून ‘ओ’ द्यायचा.” याला मात्र पहिल्या दिवसापासून ‘अहो’. अहो, पाणी आलंय. अहो, शर्ट द्या, बटण लावून देते. अहो, गुडघा कसा आहे? तो ‘हं’ म्हणायचा. वागण्यात कुठे खोट काढायला जागा नव्हती. तो आजारी पडला तर ती उशाशी बसायची, त्याच्या आवडीचं लक्षात ठेवायची. पण नाव तिने आधीच्याबरोबर पाठवून दिलं होतं.

याला तेवढंच हवं होतं. एकदा तिने नावाने हाक मारावी. नाव त्याचंही होतं. कुणी मेल्यावर मिळालेलं नव्हतं, जन्मल्यापासून होतं. पण सांगायचं कसं? पन्नाशीकडे चाललेल्या माणसाने बायकोला म्हणायचं, की मला नावाने हाक मार? आणि समजा तिने मारलीच, तर ती कुणाला मारली हे कोण ठरवणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत.

शिवाय ते दार होतं. घराच्या दाराला बाहेरून किल्लीचं कुलूप होतं, चांगलं, आधीच्याने बसवलेलं. आतून मात्र कडी नव्हती. कडी होती त्या जागी स्क्रूंची भोकं आणि तिच्या आकाराचा एक फिका डाग. कुलूपवाल्याच्या घराला आतून कडी नाही, हे कुणाला सांगायचीही सोय नाही. लग्नानंतर पंधरा दिवसांत तो एक पितळी कडी घेऊन आला. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, “नको. त्या दाराला आतून काही लावायचं नाही.”

“अगं, पण रात्रीचं…”

“नको म्हटलं ना.”

आवाज चढला नव्हता, पण कडी खणात गेली. तो मनाशी समजायचं ते समजला: आधीच्याच्या खिशात घराची किल्ली होती, आणि ही त्याच्यासाठी दार मोकळं ठेवते. तो येणार नाही हे तिला कळतं, पण दाराला कळत नाही. तेव्हापासून तो त्या घरात पाहुण्यासारखा निजू लागला, उठा म्हटलं की उठायच्या तयारीने.

एकदाच त्याने उचल खाल्ली. पाटीचे पोपडे निघाले होते, ते निमित्त साधून त्याने पेंटरला बोलावलं. नाव तेच ठेव, म्हणाला, पण अक्षर बदल, रंग बदल, खाली ‘नवीन व्यवस्थापन’ असं घाल. पेंटर शिडीवर चढून पाटी खरवडणार, तोच ती डबा घेऊन आली. तिने वर बघितलं. पेंटरला म्हणाली, “दादा, नुसती ओल्या फडक्याने पुसा.” मग याच्याकडे न बघता, “अक्षर त्याच्या हातचं आहे हो.” पेंटरने पाटी पुसली. जुनं नाव लख्ख दिसू लागलं. तो त्याच्याखाली फळी पाडून बसला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्याला वेगळं ओळखणारं जगात एकच माणूस होतं, त्याची बहीण. ती त्याला ‘ठोंब्या’ म्हणायची. लहानपणी तो म्हणे ढकलल्याशिवाय हलायचा नाही. वर्षातून एक-दोनदा तो तिच्याकडे जायचा, ती दारातूनच “आला का आमचा ठोंब्या” म्हणायची, आणि त्याचे खांदे खाली यायचे. ती गेली तेव्हा तो लहान मुलासारखा रडला. मुलगी, जी त्याला काका म्हणायची, पाठीवरून हात फिरवत राहिली. बहिणीसाठी रडतोय, असं सगळ्यांना वाटलं. तो स्वतःसाठीही रडत होता. आता त्याला ठोंब्या म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, आणि उरलेलं नाव त्याचं नव्हतं.

अशीच वर्षं गेली. मुलगी मोठी होऊन नोकरीला लागली. मग एक दिवस तिच्या आईच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन ठरलं. मोठं काही नव्हतं, पण भूल म्हटली की माणूस घाबरतोच. नेताना ती मुलीचा हात धरून होती. याला म्हणाली, “अहो, दुकान बंद ठेवू नका.” त्याने अर्थातच बंद ठेवलं.

दुपारी तिला वॉर्डात आणलं. मुलगी औषधं आणायला खाली गेली. तो खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर, सवयीप्रमाणे कलंडून, बसला होता. आणि हाक आली. नावाने. कोपऱ्यावरून मारावी तशी.

आधी त्याला वाटलंच नाही आपल्याला म्हणून. पलीकडच्या खाटेजवळचा एक माणूसही वळून बघायला लागला. साध्या नावाचा हा तोटा. मग त्याने बघितलं, तर हिचेच ओठ हलत होते. डोळे अर्धे उघडे. तिने पुन्हा हाक मारली.

“ओ,” तो म्हणाला.

“तू चिडून गेलास.”

तो जागच्या जागी विझला. तू म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती.

“परत आला होतास ना?” ती म्हणाली. शब्द जड येत होते, पण स्पष्ट होते. “दार वाजवत होतास. मी आतून कडी लावून बसले होते. ऐकत होते सगळं. म्हटलं, वाजवू दे जरा, जिरू दे. आणि तू गेलास.” तिचा हात चादरीवर चाचपडत होता. “उघडायला हवं होतं रे मी.”

आतल्या कडीला बाहेरून किल्ली नसते. खिशात किल्ल्यांचा जुडगा घेऊन तो माणूस स्वतःच्या दारात उभा राहिला असेल, आणि वळला असेल, आणि ट्रककडे चालत गेला असेल. आत्ताच्याला ती भोकं आठवली, तो फिका डाग आठवला. ती कुणाची वाट बघत नव्हती. तिने ती कडी उपटून फेकली होती. इतकी वर्षं रोज ते दार उघडून, लावून त्याला कळलं नव्हतं.

बोलायची वेळ खरं तर हीच होती. अगं, मी तो नव्हे, एवढं म्हणायचं. खोटं काहीच नव्हतं त्यात. आयुष्यभर त्याला तेच तर ओरडून सांगायचं होतं.

त्याने तिचा हात धरला.

“मी चिडलो नव्हतो,” तो म्हणाला. “पाकीट राहिलं होतं म्हणून आलो होतो. मग म्हटलं राहू दे, दुपारी घरीच येऊ जेवायला. म्हणून गेलो.”

“खरं?”

“खरं. येणारच होतो दुपारी.”

तिने मोठा श्वास सोडला. किती वर्षांचा होता कुणास ठाऊक. हाताची पकड सैल झाली, आणि ती झोपली. मुलगी औषधं घेऊन आली आणि म्हणाली, “आई काही बोलली का, काका?”

“पाणी मागत होती,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उशीला टेकून बसल्यावर तिने स्वतःच विचारलं, “भुलीत मी काही बरळले का हो?”

“छे. घोरत होतीस.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं.”

घरी आल्यावर सगळं पूर्ववत झालं. फळी उचलायची, आत शिरायचं, फळी पाडायची. एका संध्याकाळी तो चपला काढत होता, तेव्हा ती म्हणाली, “अहो, तुम्ही ती कडी आणली होती ना, पितळी. आहे का अजून?”

कडी खणात होती, काळी पडलेली. त्याने ती चिंचेने घासून लख्ख केली. जुनी भोकं जमेनात, म्हणून शेजारी नवी पाडली. ती तळहातावर स्क्रू घेऊन उभी होती, एकेक पुढे करत होती. झाल्यावर तिने स्वतः ती सरकवून बघितली, दोनदा. “बरी बसलीय,” म्हणाली आणि आत गेली.

तो दारापाशी उभा राहिला. त्याला बरं वाटत होतं, अगदी मनापासून. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. आणि त्याचबरोबर जीव गुदमरत होता. तिने एकदाच नावाने हाक मारली, आणि ती त्याने आधीच्याच्या हवाली केली होती. आता परत मागायला तोंड नव्हतं. मागितली तर तिला कळणार, की त्या दुपारी उत्तर मेलेल्या माणसाने दिलंच नव्हतं.

“अहो,” आतून आवाज आला, “हात धुऊन घ्या, ताट वाढते.”

“ओ,” तो म्हणाला.

तोंडातून निघून गेलं. इतक्या वर्षांत ‘अहो’ला त्याने कधी ‘हं’शिवाय काही म्हटलं नव्हतं. आतला भांड्यांचा आवाज थांबला. त्याच्या बोटांना अजून पितळेचा वास येत होता. त्या दुपारचा ‘ओ’ कुणाचा ते तिला कळलं, हे त्याला कळलं. आणि दोघांनीही हे कधी बोलायचं नाही, हेही.

बऱ्याच वेळाने डाव पातेल्याला लागला.

“या,” ती म्हणाली. “गार होतंय.”