धागा तुटला की झोपायचं

नरसूमामा गेल्याची बातमी आली तेव्हा मालकाने शेडमधले सगळे यंत्रमाग थांबवले. तीन आठवडे झाले त्याला. राग आहे तो नंतरच्या शोकसभेचा. अक्कलकोट रोडवरची एकही शेड आतून न पाहिलेले आमच्या हौशी नाट्यमंडळाचे अध्यक्ष माइकला चिकटून म्हणाले, "परिस्थितीच्या बेड्या नसत्या तर हा कलावंत कुठल्या कुठे गेला असता!" लोकांनी माना डोलावल्या. फुकटची हळहळ कुणाला नको असते?

मामा टॉवेलच्या मागावर, मी त्यांच्या समोरच्या. त्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, हात कामात, जागा सोडायची नाही. राहिले डोळे, भुवया आणि हनुवटी. तेवढ्यावर मामा सहा जणांची गोष्ट चालवायचे. तू फौजदार, तू चोर, तू चोराची सासू. ज्याचा धागा तुटून माग थांबला, त्याचं पात्र झोपलं. धागा जोडून माग सुरू झाला की मामा हनुवटी उडवून त्याला उठवायचे. एकदा ऐन पाठलागात फौजदाराचाच धागा तुटला. चोर पळाला असता तर गोष्ट संपली असती. मामांनी चोराकडे नुसतं दटावून पाहिलं, आणि चोर बिचारा आपल्या मागावरूनच झोपलेल्या फौजदाराच्या उशाशी डोळे वटारून पहारा देत राहिला... असलं काही आमच्या मंडळात कुणाला जन्मात सुचलं नाही.

मला मात्र शहाणपण सुचलं. मंडळाच्या कार्यक्रमात मी मामांना स्टेजवर नेलं. दिवे, माइक, तासभर वेळ.

"कुटं उभारू?" मामांनी विचारलं.

"कुटंबी उभारा की मामा. सगळं स्टेज तुमचंच हाय."

"आन् काय करायचं न्हाय?"

त्यांना तेवढी एक अट हवी होती. आणि मी गाढव हसून म्हणालो, "सगळं चालतंय की!"

मामा माइक धरून घाम पुसत राहिले. अध्यक्षांनी पहिल्या रांगेत जांभई दिली. दुसऱ्या दिवशी मागावरून मी भुवई उडवली, तर मामांनी टॉवेलवरची नजर उचलली नाही. पुढे चार वर्षं, शेवटपर्यंत, शेडमध्ये गोष्ट झाली नाही. बेड्या म्हणे! त्या तोडणारा शोकसभेत दुसऱ्या रांगेत बसला होता. मान डोलावत होता.

मामांच्या मागावर आता नवा माणूस आहे. परवा माझा धागा तुटला. जोडला, माग सुरू केला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने समोर पाहिलं. काय पाहिजे, अशा अर्थाने त्याने मान उडवली. काही नाही, म्हणून मी खाली पाहिलं.

मला अजून कुणी उठवलेलं नाही.