चिमटीत आलेलं कातडं

ही गोष्ट मी सात वर्षं टाळली. कुणी विचारलं, "वस्ताद, तुमचा मुलगा आता तालमीत का दिसत नाही?" तर मी सांगायचो, "कष्टाला भ्यालं ते." लोक मान हलवायचे. मीही हलवायचो. ते खोटं होतं. मुलगा कष्टाला भ्याला नव्हता. भ्यालो होतो मी, आणि कशाला भ्यालो ते आता लिहून ठेवतो. तालमीतल्या ज्यांना राग यायचा त्यांना येऊ द्या.

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी मी चाळीस वर्षं वस्तादकी केली. माझी एक चिमटी होती. समोर आलेल्या पैलवानाचं बरगडीखालचं कातडं मी दोन बोटांत धरायचो. बोटांत थोडं आलं तर गडी कसात आहे. जास्त आलं तर यानं जोर चुकवलेत, बाहेर भजी हाणलीत, हे मी तिथंच सगळ्यांसमोर सांगायचो. बऱ्याचदा ते खरं निघायचं. त्यामुळं चिमटीचा दरारा होता. माझा तर डोळ्यांपेक्षा तिच्यावर जास्त विश्वास होता.

मुलगा पैलवान झाला नाही. सांगलीला जाऊन त्यानं मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं, आणि स्टुलावर बसून तारा गुंडाळता गुंडाळता एकशे बेचाळीस किलोंचा झाला. वस्तादाचा मुलगा असा, म्हणून मी त्याच्यासोबत लग्नकार्याला जायचं टाळायचो. हेही लिहितो, राहून जायला नको. चाळिशीत त्याचे गुडघे धरले, साखर वाढली. मग कुणाला न सांगता त्यानं खाणं आवरलं आणि चालायला लागला. अडीच वर्षांत साठ किलो उतरवले. माझ्या हाताखालच्या एकाही पैलवानानं एवढं अवघड काम केलेलं नाही, आणि मी त्याला एकदाही शाबास म्हणालो नाही.

एका शनिवारी तो गावी आला. परड्यात आंघोळीला बसताना त्यानं शर्ट काढला. पोटाचं कातडं पट्ट्यावरून दुमडून खाली लोंबत होतं. छातीचं सैल, दंडाचं सैल. चेहरा मात्र तरतरीत.

"आप्पा, ह्ये बसंल का ओ?" त्यानं विचारलं. लहानपणी सायकल दुरुस्त होईल का म्हणून विचारायचा, तसाच.

"बसंल की! न बसायला काय झालं? अंग भर तू. मांस भरलं की कातडं आपसूक ताणून बसतंय."

चाळीस वर्षांच्या अधिकारानं बोललो. ठाऊक काहीच नव्हतं. माझ्या हाताखाली आले ते सगळे विशीच्या आतले. दोन-चार किलोंची चरबी जोरांनी उतरायची आणि कोवळं कातडं मागोमाग बसायचं. तेवढ्यावर मी चाळिशीतल्या माणसाला शब्द दिला.

त्यानं तो खरा मानला. दर शनिवारी दुकान बंद करून सांगलीहून यायचा, रविवारी सकाळी तालमीत उतरायचा. आठवडाभर घरी जोर-बैठका, रविवारी दोर आणि गदा. दीड वर्ष. दोन पावसाळे गेले, पण एक रविवार चुकला नाही. खांदे रुंद झाले. पाठ तर अशी झाली, की मागून पाहिलं तर जातिवंत पैलवान वाटावा. दंडाचं कातडंही थोडं भरल्यासारखं दिसू लागलं. पोटाचं मात्र होतं तसंच. घडीच्या आत घाम साचून चट्टे उठायचे. तो पावडर टाकायचा आणि सुती फडक्याची पट्टी घडीत दाबून कसरत करायचा. फडकं घसरून मातीत पडलं, की कुणी बघायच्या आत उचलायचा. मला ते दिसायचं. मी दुसरीकडं बघायचो.

चट्टे चिघळले तेव्हा आम्ही दोघं मिरजेला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी हळूच घडी उचलून पाहिली, मलम लिहून दिलं आणि आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "व्यायाम सोडू नका, त्यानं तुमची साखरसुद्धा आटोक्यात राहील. दंड, खांदे, मांड्या भरून दिसतील. पण पोटाची ही घडी व्यायामानं जाणार नाही. इतकी वर्षं ताणलेलं कातडं आहे, पायजम्याचं इलॅस्टिक गेल्यासारखं झालंय. आणि साठ किलोंची जागा मांसानं भरायची म्हटलं, तर एवढं मांस आणणार कुठून? आहे तसं राहू द्यायचं, नाहीतर ऑपरेशन. यात तुमचं काही चुकलेलं नाही."

मला पटलं. तिथंच, खुर्चीवर बसल्या बसल्या पटलं. माझे स्वतःचे वस्ताद आठवले. शेवटच्या आजारापर्यंत बैठका मारणारा माणूस, आणि म्हातारपणी त्यांच्या दंडाचं कातडं लोंबायचं. त्यांना आळशी म्हणायची कुणाची छाती होती?

बाहेर रसवंतीवर मुलानं ग्लास हातात तसाच धरून विचारलं, "आप्पा, तुमी काय म्हणता?"

डॉक्टरांचं ऐकलं होतं त्यानं. तरी मला विचारलं.

मी म्हणालो, "त्यास्नी तालमीतलं काय कळतंय? आणखी सहा महिनं रेट."

बाई खरं बोलल्या असं म्हटलं असतं, तर माझी चिमटी खोटी पडत होती. तिला मी पडू दिलं नाही. पोराला पाडलं.

सहा महिन्यांनी गावची जत्रा आली. कुस्त्यांच्या मैदानाच्या आदल्या दिवशी तालीम भरलेली, जुने पैलवान कट्ट्यावर बसलेले. मुलगा जोर मारून उठला. मी सवयीनं पुढं झालो आणि त्याचं पोटाचं कातडं चिमटीत धरलं. चिमटीत कसलं, मूठभर आलं. ते तसंच ओढून मी सगळ्यांना म्हणालो, "बघा रं, दोन वर्षं झाली. ह्येला म्हणायचं आळसाचं कातडं."

कट्ट्यावरून एक जण ओरडला, "वस्ताद, ह्येला थंडी न्हाई वाजायची. गोधडी अंगावरच हाय!"

तालीम हसली. मीही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो.

मुलानं माझा हात मनगटाला धरून बाजूला केला. तेव्हा मला त्याच्या हातातली ताकद कळली. पायाची माती धुतली, शर्ट घातला, गळ्याचं बटणसुद्धा लावलं आणि गेला. त्यानंतर तालमीची पायरी चढला नाही. सणावाराला घरी येतो, माझी औषधं आणतो, नीट बोलतो. पण माझ्यासमोर शर्ट काढत नाही.

यंदा जत्रेच्या आधी मी तालमीत उभा राहिलो. आता तिथं नवा वस्ताद आहे, माझाच चेला. त्याच्यादेखत सदरा काढला आणि माझ्या पोटाचं कातडं चिमटीत धरून दाखवलं.

"बघा. सत्तर वर्षं ह्या मातीत घालवली. बसलंय का कातडं?"

"आवं वस्ताद, तुमचं वय झालं," नवा वस्ताद म्हणाला.

"मंग माझं वयानं आन् माझ्या पोराचं आळसानं व्हय रं? जोर मारल्यानं अंगात बळ येतंय, ते लय मोठं हाय. पर साठ किलो उतरलेल्या माणसाचं कातडं जोरानं बसत न्हाई. बसतंय म्हणून सांगत हुतो, खरं कळल्यावरबी सांगत हुतो, त्यो मी खोटारडा. आन् माझी चिमटी हितं कुणी चालवायची न्हाई."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "म्हातारा फिरला." फिरलो. चाळीस वर्षं एका दिशेनं चाललो होतो, फिरायलाच हवं होतं. मला कळत असूनही मी बोललो नाही, हे त्या दिवशी तीस जणांसमोर सांगताना माझी जीभ एकदाही अडखळली नाही.

मग राहिला एकच माणूस.

मागच्या महिन्यात सांगलीला गेलो. काय बोलायचं ते एस.टी.त घोकत होतो. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मोठ्यानं म्हणूनही पाहिलं. शेजारची बाई म्हणाली, "काय म्हणलासा, बाबा?" मी म्हणालो, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सून म्हणाली, "ते घाटावर गेल्यात पवायला." मी चालत कृष्णेच्या घाटावर गेलो, पायऱ्यांवर उभा राहिलो. आणि समोर माझा मुलगा, उघड्या अंगानं, चार लोकांत. पाठ तीच, खांदे तेच, पोटाची घडीही तीच. ऑपरेशन त्यानं केलं नव्हतं. लपवतही नव्हता.

त्याचा एक दोस्त पाण्यातून ओरडला, "गड्या, लांब जाऊ नगंस. मगर आली तर पैलं तुझं पोट धरंल!"

"धरू दे की! मोकळं कातडं हाय, सुटून येतो!"

सगळे हसले, तोही हसला. हसावं कसं, ते मला त्या वेळी दिसलं. त्यानं सूर मारला आणि लांब हात टाकत पात्राच्या मधोमध गेला. माझ्या तालमीतून असा गडी तयार झाला होता, आणि मी गावभर सांगत फिरलो होतो की तो भ्याला.

बाहेर आल्यावर त्यानं मला पाहिलं. क्षणभर त्याचा हात टॉवेलकडं गेला. मग तो तसाच, उघडाच, पायऱ्या चढून माझ्यापर्यंत आला.

"आवं आप्पा, तुमी हितं कवा आलासा? चहा घेतला का?"

"घेतला." मग म्हणालो, "डोकं नीट पूस. सर्दी हुईल."

"व्हय," तो म्हणाला, आणि थोडा वेळ उभा राहिला. मी आणखी काही बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी पाण्याकडं बघत राहिलो. मग त्यानं डोकं पुसलं.

कराडच्या स्टँडवर मोठ्यानं म्हणून पाहिलं होतं ते एवढंच होतं: लेका, तू कुठंच कमी पडला नव्हतास. चुकली ती माझी चिमटी, आणि ते कळल्यावरही मी तुला हसलो. मला माफ कर.