रंगूनच्या जहाजावरचे आमचे हे

अल्लीपूरच्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवत होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. बंदरांचा धडा मी फार तोऱ्यात सांगायची. जहाज केवढं असतं, माल कसा उतरवतात, भरती आली की काय होतं. स्वतः पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे हिंगणघाटजवळचा वणा नदीचा पूर. शेवटी माझी मलाच लाज वाटू लागली आणि दिवाळीच्या सुट्टीत एखादं बंदर पाहून यायचं ठरवलं.

मुंबईला सगळेच जात, म्हणून मी कलकत्ता निवडलं. वर्ध्याहून थेट गाडी होती. शिवाय तिथल्या संग्रहालयात बुद्धाच्या फार जुन्या मूर्ती आहेत असं वाचलं होतं. आदल्याच वर्षी आमच्या घरादाराने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, पण बुद्ध म्हणजे आमच्याकडे भिंतीवरचं एक रंगीत चित्र, एवढंच.

शाळेतल्या दुसऱ्या बाई माझ्यासोबत येणार होत्या. ऐन निघायच्या वेळी त्यांना पाहायला पाहुणे आले आणि त्यांचं येणं राहिलं. मी वडनेरला घरी सांगायला गेले. आई कापूस वेचून आली होती, पदराला चिकटलेली पानं झटकत होती.

"एकटी काऊन जाऊन राह्यली?" ती म्हणाली. "वाटेत कोणी भेटलं त काय करशीन?"

मी म्हटलं, भेटलं तर बोलीन. तिने रस्त्यासाठी जवसाची चटणी कुटायला घेतली, तेव्हाच मी समजले की परवानगी मिळाली.

हावड्याला उतरले आणि स्टेशनजवळच्या धर्मशाळेत गेले. तिथले मुनीमजी चष्म्याच्या वरून बघत एकेक विचारू लागले. नाव झालं, गाव झालं, मग जात. मी म्हटलं, "बौद्ध." हा शब्द तेव्हा मला इतका नवा आणि इतका आवडता होता की कोणी न विचारताही मी तो सांगितला असता.

मुनीमजींनी चष्मा नीट केला. बौद्ध म्हणजे बर्माची का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, वर्धा जिल्हा. ते त्यांना पटेना. एकट्या बाईला खोली देत नसत, पण मला घालवून देणंही त्यांच्या जिवावर आलं असावं. थोडा विचार करून त्यांनीच वाट काढली: म्हणजे घरधनी बर्मात आहेत. रंगूनच्या जहाजाने येणार असतील, तुम्ही त्यांना घ्यायला आलात. माझी मान आपोआप हलली. अशा रीतीने दोन मिनिटांत मला खोली मिळाली आणि नवराही.

नवरा फार सोयीचा निघाला. शेजारच्या खोलीतल्या बायका माझ्याकडे आदराने बघू लागल्या. अडचण एकच होती, मौसी. धर्मशाळेची झाडलोट करणारी ही बिलासपूरकडची म्हातारी. तिला माझ्या नवऱ्याची माझ्यापेक्षा जास्त काळजी. तो काळा की गोरा, खातो काय, जहाज कधी लागणार. मी काहीबाही सांगत होते आणि सांगता सांगता तो उंच, सावळा, कमी बोलणारा असा होत गेला. तिसऱ्या दिवशी तर मलाच तो थोडा आवडू लागला होता.

पहिले दोन दिवस मी संग्रहालयात काढले. तिथले लोक त्याला जादूघर म्हणतात. हत्तीचा सांगाडा पाहिला, काचेच्या पेटीत निजलेली इजिप्तची ममी पाहिली. मी काखेत छत्री धरून पाट्या वाचत होते, तर खेड्यातून आलेली पाच-सहा माणसं माझ्या मागे येऊन उभी राहिली. त्यांना मी तिथलीच कोणी अधिकारी वाटले. मग काय, मी मास्तरणीच्या आवाजात हिंदीतून सुरू केलं. हत्तीपर्यंत ठीक चाललं होतं. एका विचित्र माशाला मात्र मी मनानेच एक नाव दिलं आणि तो फक्त अमावास्येला वर येतो असंही सांगितलं. त्यांनी माशाला हात जोडले, तेव्हा मी तिथून सटकले.

बुद्धाच्या दालनात मात्र माझी जिरली. लाल दगडाच्या उंच कठड्यावर झाड कोरलेलं, झाडाखाली आसन, भोवती हात जोडलेली माणसं, आणि आसनावर कोणीच नाही. मी वाकून बाजूनेही पाहिलं. तिथल्या पहारेकऱ्याने सांगितलं की त्या काळी भगवंतांची मूर्ती करत नसत, जागा रिकामी ठेवत. मी त्या रिकाम्या आसनासमोर बराच वेळ उभी राहिले. आमच्याकडे नुकतेच देव भिंतीवरून उतरवले होते, तिथेही अशाच रिकाम्या जागा राहिल्या होत्या. पुढच्या दालनात मूर्ती होत्या, पण त्यातल्या एका बुद्धाला चक्क मिशी. दागिने घातलेला, पिळदार मिशीचा, एखाद्या गावच्या पाटलासारखा दिसणारा. पाटीवर लिहिलं होतं की हा बोधिसत्त्व, अजून बुद्ध व्हायचा आहे. मला फार हायसं वाटलं. मिशी होती, म्हणजे आपल्यासारखाच कधीकाळी आरशात बघणारा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडते तर मौसी धुतलेलं लुगडं नेसून, हातात डबा घेऊन उभी. आज घाटावर जाऊ, जावईबापूंसाठी पुऱ्या केल्यात, म्हणाली. मला नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

आम्ही हुगळीच्या घाटावर जाऊन पायऱ्यांवर बसलो. आणि मग मी जहाज पाहिलं. मुलींना मी जे सांगत आले होते ते सगळं खोटं होतं. एवढी मोठी वस्तू पाण्यावर अशी सावकाश, आवाज न करता चालू शकते हे कोणाला सांगून कळणार नाही. मी नुसती बघत राहिले.

मौसीने कोपराने ढोसलं. "यही है?"

काहीतरी करायला हवं होतं. मी उभी राहिले आणि हात हलवला. वर कठड्याशी काही खलाशी कपडे वाळत घालत होते. त्यातल्या एकाने हात हलवला. मग दुसऱ्याने. मग सगळेच ओले कपडे हवेत फिरवू लागले.

मौसीने डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं. "बेटी, ये तो जा रहा है. आ नहीं रहा."

खरंच ते जहाज समुद्राकडे चाललं होतं. मी काही बोलायच्या आत मौसीने डबा उघडला, एक पुरी माझ्या हातावर ठेवली, एक स्वतः घेतली. चावत चावत म्हणाली, "जिसका आदमी जहाज से आता है, वो दो दिन जादूघर में नहीं बैठती."

मी विचारलं, माहीत होतं तर पुऱ्या कशाला केल्यास. तिने पाण्याकडे बोट दाखवलं. हावड्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, पण पूल ओलांडून जहाज बघायला तिला कोणी नेलं नव्हतं. एकटी निघाली असती तर लोक काय म्हणाले असते? आता जावयाला भेटायला निघाली, तर मुनीमजींनी स्वतः सुट्टी दिली.

डबा संपेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. परत आल्यावर मौसीने सगळ्यांना सांगितलं की जावई भेटला, फार लाजरा आहे, पण जेवणाला चांगला आहे, एक पुरी ठेवली नाही.

घरी आल्यावर चुलीपाशी बसून मी आईला सगळं सांगितलं. जहाजाचं ऐकताना ती चुलीत काड्या सारत होती, मिशीवर थोडी हसली. नवऱ्याची गोष्ट आली तशी तिने फुंकणी खाली ठेवली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"जहाजावरचा व्हय?" ती म्हणाली. "मंग बरा हाय. घरात राहत नाई, भांडत नाई."

बाबा ओसरीवर बाजेवर पडले होते. त्यांच्या कानावर तेवढंच आलं. त्यांनी आतल्या दिशेने विचारलं, "कोन जहाजावरचा?"

"तुमचा जावई," आईने सांगितलं आणि पुन्हा चूल फुंकायला लागली.

बाबा ताडकन उठून बसले. त्यांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगेपर्यंत भाकरी गार झाल्या.