धडक बसल्यावर भेटलेली माणसं

मी जालन्यात ॲम्ब्युलन्स चालवतो. गाडी रोज धुतो, पण किस्से काही धुतल्या जात न्हाईत, साचतच राहतात. सोबतचे डॉक्टर अन् मी चहाला बसलो की एकातून एक निघत जातो.

एमआयडीसीजवळ एक कार उलटल्ती. आम्ही गेलो तर रोड दोन्हीकडून बंद. मिलमधून सुटलेल्या कामगारांनी मोटारसायकली आडव्या लावून इंडिकेटर चालू ठेवलेले. जखमींच्या अंगावर ट्रक येणं शक्यच नव्हतं, अन् आमच्यापुरती वाट मोकळी. हे कुणी शिकवलं, असं डॉक्टरांनी विचारलं.

एक जण म्हणाला, "मिलमध्ये कुणाला लागलं की पहिले मशीन बंद करतो. हितं रोड बंद केला."

दुसऱ्या एका अपघातात हसनाबादकडचे एक गृहस्थ उलट्या कारमध्ये सीटबेल्टला लटकलेले. बेल्टमुळंच वाचले. माणूस शुद्धीत आहे का, हे बघायला डॉक्टर आधी नाव विचारतात.

"पहिले गाडी सरळ करा, मंग नाव सांगतो."

डॉक्टर मला म्हणाले, "शुद्ध बराबर आहे."

भोकरदन रोडला एक कार झाडावर आदळली. जमलेल्यांतल्या एकानं शूटिंगला मोबाईल काढला. मेंढ्या चारणारे एक आजोबा तिथं होते. ते त्याला शांतपणे म्हणाले, "काढलाच हाय, तर ॲम्ब्युलन्सला लाव." आम्ही निघालो ते त्याच फोनवर.

अन् मंठा रोडची ती मावशी.

दोन कार समोरासमोर धडकल्या होत्या. एका कारमध्ये ड्रायव्हर पोरगं अडकलेलं. ते वाचलं, हे आधीच सांगतो. मावशी त्याच्या दाराला टेकून बसलेली, खिडकीतून त्याचा हात धरून. त्याला ओढू नका म्हणून लोकांना थांबवत होती. त्याचे डोळे मिटायला लागले की गाव विचारायची, आईचं नाव विचारायची, पुन्हा बोलतं करायची. दार कापून त्याला बाहेर काढेस्तोवर तिनं हात सोडला न्हाई.

पोराला स्ट्रेचरवर घेतलं. मी म्हटलं, "मावशी, चला, बसा लेकराजवळ."

ती उठली न्हाई. डॉक्टरांनी वाकून पाहिलं, तर तिचा पाय गुडघ्याखाली मोडलेला. दुसऱ्या कारपासून तिथवर ती रस्त्यावरून सरपटत आल्ती.

"मुलगा आहे का तुमचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई हो. ह्यानंच आमची गाडी ठोकली. जल्दी न्या त्याला."