तारीखबाईंची दोन रकान्यांची वही

तारीखबाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं म्हणे. बाकी साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना तारीखबाईच म्हणत, कारण बाई समोर दिसल्या की माणूस नमस्काराच्या आधी तारीख सांगून मोकळा व्हायचा. तयार कपड्यांच्या कारखान्यात त्या पंचवीस वर्षं मर्चंडायझर होत्या. हे काम काय असतं ते मी घरी आईला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा ती म्हणाली, "शिवत नाहीस, विकत नाहीस, मग दिवसभर करतेस काय?" दिवसभर मी लोकांच्या मागे लागायचे. बायर, म्हणजे परदेशातला खरेदीदार, ऑर्डर देतो. त्याचं जहाज सुटेपर्यंत कापड, रंग, बटणं, लेबलं, शिलाई सगळं वेळेत जुळवून आणायचं आणि नाही जुळलं तर बोलणी खायची, एवढंच ते काम.

मी रुजू झाले त्या दिवशी बाईंनी कागदातून मान वर न करता सांगितलं, "पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला माझा शेवटचा दिवस. लेकीचं बाळंतपण आहे, परत काही मी येत नाही. हे टेबल तुझं. तोवर शिकून घे." साहेबांनी वर पुस्ती जोडली: बाई गेल्यावर मुलींच्या फ्रॉकची ऑर्डर, आठ हजार नग, तीन रंग, मी एकटीने वेळेवर जहाजावर चढवली तर नोकरी पक्की. नाहीतर नमस्कार.

शिकणं कसलं, नुसता वैताग होता. मी सकाळी आल्या आल्या मेल उघडायचे. एकाला उत्तर द्यावं तर तीन येऊन पडत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पन्नास उत्तरं गेलेली असत आणि कारखान्यात एक बटणही जागचं हललेलं नसे. बाई मागून यायच्या आणि सरळ माझा स्क्रीन बंद करायच्या.

"मेल पळून जाणार आहेत का?"

"पण बाई, बायर विचारतोय..."

"तो विचारतच राहणार, त्याला दुसरा उद्योग नाही. ज्याला सगळ्यात जास्त दिवस लागतात त्याला पहिला फोन. मग बाकीचं जग."

फळ्यावर जहाजाची तारीख लिहून त्या मला तिथून उलटं मोजत मागे यायला लावत. जहाज, पॅकिंग, शिलाई, कटिंग, रंग, सूत. मी मात्र दरवेळी आजपासून पुढे मोजायचे. "पुढे मोजलं की सगळं आरामात बसतं," त्या म्हणत, "म्हणून तसं मोजायचं नाही." मला भयंकर राग यायचा. त्यातून त्यांचंच बरोबर निघायचं, याचा तर जास्तच.

त्यांची एक लांबट वही होती. तिच्यात दोन रकाने, एक निळ्या शाईचा, एक लाल शाईचा. ती खणात, खणाला कुलूप. मला ताकास तूर लागू दिली नाही.

मग शर्टांच्या एका ऑर्डरची बटणं सरावासाठी माझ्या गळ्यात पडली. बाईंनी तारीख दिली आठ. मी बटणवाल्या काकांना आठ सांगितली. आठला बटणं नाहीत. नऊला नाहीत. फोन करून करून माझा घसा बसला. दहाला मी कटिंग मास्तरांच्या टेबलापाशी उभी राहून चक्क रडले. बाराला काका स्वतः खोकं खांद्यावर घेऊन हसत हजर.

"घे पोरी, अगदी वेळेत आणली."

"वेळेत? आठ तारीख होती, काका!"

"तारीखबाईंची आठ म्हणजे बारा. वीस वर्षं असंच चाललंय. तुला कुणी सांगितलं नाही?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तडक बाईंसमोर जाऊन उभी राहिले. "मलासुद्धा खोटी तारीख?"

"तुला खरी दिली असती तर तू त्यांना खरी दिली असतीस. मग बटणं सोळाला आली असती."

"पण तुम्ही चार दिवस आधीची सांगता हे सगळ्यांना माहीत आहे!"

"सगळ्यांना."

"मग उपयोग काय?"

"चारच दिवस उशीर होतो, हा उपयोग," त्या म्हणाल्या आणि चहा ढवळू लागल्या. घरातलं घड्याळही वीस मिनिटं पुढे असतं, हे त्यांनीच सांगितलं. घरातले सगळे मनातल्या मनात वीस वजा करून निवांत बसतात. मग म्हणाल्या, "जगाला आधीची वेळ देत आले, पण लेकीच्या शाळेच्या नाटकाला मी पोचले तेव्हा पडदा पडत होता." मी त्यांच्यावर अजून चिडलेलीच होते.

सत्तावीसला, सोमवारी सकाळी, बाई पिशवी खांद्याला लावून माझ्या टेबलाशी आल्या. "चल, रंगखान्यात जाऊ. फ्रॉकमध्ये सगळ्यात जास्त दिवस रंगाला लागणार. तिथले मास्तर फोनवर खरं बोलत नाहीत. कुठला रंग किती दिवस खातो ते तिथे उभं राहूनच कळतं."

माझ्यासमोर बेचाळीस मेल होते. मी हिशोब केला. बाईंची तीस म्हणजे चार. चारला पुन्हा सोमवारच. साहेबांनीही निरोपाचा केक चार तारखेचाच सांगितला होता.

"पुढच्या सोमवारी जाऊ ना, बाई."

"पुढच्या सोमवारी मी नाही."

"हो, हो," मी म्हटलं आणि हसले. आता मीही या कारखान्यातली झाले, याचा मला भारी अभिमान वाटला. बाई पिशवी खाली ठेवून आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

तीसला संध्याकाळी त्यांनी खण आवरला, कप धुऊन पिशवीत टाकला, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "येते," म्हणाल्या. मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, "या बाई, उद्या भेटू."

एक तारखेला दहा वाजले, अकरा वाजले, खुर्ची रिकामी. साहेब म्हणाले, येतील. शेवटी मी त्यांच्या घरी फोन लावला. त्यांच्या यजमानांनी उचलला.

"ती सकाळच्या गाडीने लेकीकडे गेली. तिकीट दोन महिन्यांपूर्वीच काढलेलं. ऑफिसात सांगितलं नव्हतं का तिने?"

सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझी मलाच चीड आली. फोन ठेवते न ठेवते तोच तो पुन्हा वाजला. रंगखान्याचे मास्तर होते.

"फ्रॉकचे तीन रंग कधीला हवेत? तारीख सांगा, लिहून घेतो."

फोन कानाशी धरूनच मी किल्लीने खण उघडला आणि वही काढली. शर्टांच्या बटणांपुढे निळ्यात आठ, लालमध्ये बारा. शेवटच्या पानावर माझी फ्रॉकची ऑर्डर होती. तिन्ही रंगांपुढचा निळा रकाना भरलेला. लाल कोरा, आणि त्यात पेन्सिलने बारीक अक्षरात: 'तिथे उभं राहून. नव्या पोरीला घेऊन. सोमवारी.'

त्याखाली एकच ओळ होती. माझा शेवटचा दिवस. निळ्या शाईत तीस. लाल शाईत तीस.

"हॅलो, ताई," मास्तर विचारत होते, "तारीख सांगताय ना?"