न खाल्लेलं हाड

दूर उत्तरेला एक बेट आहे. तिथे एके काळी माणसं राहायची, आता कुणी नाही. तिथल्या उत्खननात सापडलेलं बोटभर हाड तपासणीसाठी माझ्या ताब्यात होतं आणि कागदाच्या पुडीत बांधलेलं ते हाड मी क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवणाच्या ट्रेमध्येच विसरलो. धावत परतलो, तर टेबल लख्ख!

ट्रे उचलणाऱ्या आंटी रोज दिसायच्या. एका हाताने उष्टी हाडं बादलीत लोटायची, दुसऱ्याने फडकं फिरवायचं. वर बघायचं नाही. मी हातवारे करत हाडाचा आकार दाखवला. त्यांनी एप्रनच्या खिशातून माझी पुडी काढली. हाड बादलीत नव्हतं. माझा जीव मात्र भांड्यात पडला.

"फेकलं नाहीत?"

"हे खाल्लेलं नाही, ला!" इथल्या बोलीतला ठसक्याचा 'ला' जोडत आंटी म्हणाल्या. " रोज खाल्लेलीच उचलते मी. टोकाला भोक बघ. कुणीतरी शिवायची सुई केलीये."

ते भोक मी मातीचा ठिपका समजलो होतो आणि नोंदवहीत ऐटीत लिहिलं होतं, 'जेवणातलं उरलेलं हाड'. डॉक्टरेट माझी!

नोंद खोडून 'सुई' लिहिलं. 'कोणी ओळखली' या रकान्यापाशी मात्र अडलो. नाव कधी विचारलंच नव्हतं. शेवटी लिहिलं, 'आंटी'.