तळघरातला दगड

आमचे बाबा भूगर्भशास्त्र विभागाच्या तळघरात तीस वर्षं दगड घासत होते, इतके पातळ की आरपार उजेड दिसावा. त्यातले तांबडे कण पाहून तिथल्या मॅडम सांगत, हा डोंगरावरचा दगड जमिनीत तीस किलोमीटर खोल शिजलाय.

"मग डोंगरावर कसा चढला?" मी बाबांना विचारायची.

"चढतोय कशाला! जमीन खालून रेटते, वरचे थर झिजतात, मग खालचा आपसूक उघड्यावर येतो," बाबा सांगायचे.

परवा बाबांना वरच्या मजल्यावरची, खिडकीची खोली मिळाली. आई हरखली. "शेवटी तुमची कदर झाली!"

"कसली डोंबलाची कदर! वरचे साहेब एकेक करून रिटायर झाले," बाबा म्हणाले. "आणि खालून रेटायला तू होतीसच की!"